अर्क जंतू मारतो की त्याचं विष अडवतो? कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासायची रीत

मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टमध्ये वनस्पतींच्या अर्कावरचं काम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी थांबतं. अगर प्लेटवर विहीर पाडायची, अर्क भरायचा, भोवती स्वच्छ वर्तुळ आलं की मिलिमीटरमध्ये मोजायचं. वर्तुळ आलं नाही तर अर्क 'निगेटिव्ह' म्हणून बाजूला. जंतूला जिवंत ठेवून फक्त त्याचं विष बनणं थांबवणारे, किंवा बनलेलं विष निकामी करणारे पदार्थ या चाचणीत दिसतच नाहीत. ते कसे शोधायचे आणि त्यात फसगत कुठं होते, ते इथं दिलं आहे. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, सेंट्रिफ्यूज, मायक्रोप्लेट रीडर किंवा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट एवढी सामग्री असली की काम होतं. कॅबिनेट नसेल तर या चाचण्यांत वापरायचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस (जखमा चिघळवणारा जंतू) हाताळू नका.

आधी मुद्दा नीट समजून घेऊ. बऱ्याच आजारांत नुकसान करतं ते जंतूनं सोडलेलं विष. १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याच्या जंतूंची वाढ गाळून घेतली आणि जंतूविरहित द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. तिथं पाणी साठलं. जंतू नसतानाही आजाराचं मुख्य लक्षण दिसलं, म्हणजे काम विषाचं होतं. जंतू आणि विष वेगळे करून तपासायचं हे तत्त्व पुढच्या सगळ्या चाचण्यांचा पाया आहे.

विष तीन ठिकाणी अडवता येतं: ते बनताना, बनल्यावर द्रवात असताना, आणि आपल्या पेशीला चिकटताना. पहिल्या प्रकारातलं चांगलं उदाहरण तिखट मिरचीतलं कॅप्सेसिन. कॉलऱ्याच्या जंतूमध्ये ते विषाच्या जनुकांचं काम मंदावतं, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ओव्यातला थायमॉल जंतू मरणार नाही इतक्या कमी प्रमाणात दिला तरी स्टॅफिलोकॉकसचं अल्फा हिमोलायसिन (तांबड्या पेशी फोडणारं विष) आणि एंटेरोटॉक्सिन (आतड्यावर परिणाम करणारं विष) कमी बनतात, हेही २०१० चंच काम. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या कॅसँड्रा क्वेव्ह यांच्या गटानं चेस्टनटच्या पानांचा अर्क स्टॅफिलोकॉकसच्या 'एजीआर' या संदेशयंत्रणेला गप्प करतो असं दाखवलं. जंतूची वाढ तशीच राहिली, विष बंद झालं. आपल्याकडच्या पेरूच्या पानांच्या आणि कच्च्या बेलफळाच्या काढ्यावर मुंबईत काम झालं आहे. त्यात हे काढे जंतू फारसे मारत नाहीत, पण कॉलऱ्याच्या विषावर परिणाम करतात असं आढळलं.

म्हणून तांबडा रस्सा प्यायल्यानं कॉलरा टळतो, असा अर्थ कुणी काढू नये. टेस्ट ट्यूबमध्ये दिसलेली मात्रा आतड्यात टिकेलच असं नाही. आणि हगवणीत जीव वाचवतं ते ओआरएस, उशीर न करता दिलेलं.

माल कुठून आणि कोणता घ्यायचा

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला वनस्पती शोधायला लांब जावं लागत नाही. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या डोंगरात हिरडा आणि कुडा भरपूर. पेरू आणि बेल परसातही मिळतात. पण राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय पानसुद्धा तोडू नका. शेताच्या बांधावरचं किंवा खासगी जागेतलं झाड मालकाला विचारून घ्या. प्रत्येक वनस्पतीची फुलाफळासह एक फांदी दाबून हर्बेरियम शीट करा आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पक्की करून घ्या. शीटचा क्रमांक अहवालात आला पाहिजे. तो नसेल तर दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

ओळखीत सगळ्यात जास्त घोळ कुड्याचा होतो. पांढरा कुडा म्हणजे होलारेना, काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्हींना चीक, दोन्हींना जोडीनं लांब शेंगा. काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळ्या असताना टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. कोनेसिन हे अल्कलॉइड पांढऱ्या कुड्याच्या सालीत असतं, त्यामुळं इथं चूक झाली की पुढचं सगळं काम वाया.

काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा घेणार असाल तर नुसतं 'हिरडा द्या' म्हणू नका. बाळहिरडा हे कोवळं फळ, सुरवारी हिरडा पूर्ण पिकलेलं, आणि मधल्या अवस्थेतला रंगारी किंवा चांभारी हिरडा. टॅनिन या तुरट पदार्थाचं प्रमाण तिघांत वेगवेगळं. मिरचीचंही तसंच: ब्याडगी रंगाला चांगली पण तिखटपणाला कमी, संकेश्वरीत कॅप्सेसिन जास्त. 'लाल मिरची' एवढंच लिहिलं तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

अर्क

पानं धुऊन सावलीत पसरा. जून ते सप्टेंबरमध्ये कोल्हापुरात सावलीत वाळवायचा हट्ट धरू नका. हवेतल्या ओलाव्यानं चार दिवसांत बुरशी धरते, आणि मग तुम्ही बुरशीचे पदार्थ तपासत बसाल. त्या दिवसांत ४० ते ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा. मिक्सरवर दळा, ४० मेशच्या चाळणीतून काढा. मिरची दळताना हातमोजे, चष्मा, मास्क.

१० ग्रॅम पूड, १०० मिलि ७० टक्के इथेनॉल, शेकरवर २४ तास. व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळा. इथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ अंशांच्या आत उडवा, उरलेलं पाणी वाळवून सुक्या अवशेषाचं वजन घ्या. १० ग्रॅममधून १.८ ग्रॅम मिळालं तर उतारा १८ टक्के. काढा करायचा असेल तर १० ग्रॅम भरड, १६० मिलि पाणी, मंद आचेवर ४० मिलि राहीपर्यंत आटवा, गाळा, आणि तोही सुकवून वजन करा. 'काढा ५० मायक्रोलिटर घातला' यातून काहीच कळत नाही. त्यात मिलिग्रॅम किती, हे सांगता आलं पाहिजे.

सुका अर्क डीएमएसओ या द्रावकामध्ये १०० मिलिग्रॅम प्रति मिलि करून उणे २० अंशांवर छोट्या भागांत ठेवा. गाळायचा असेल तर ०.२२ मायक्रॉनचा पीटीएफई फिल्टर वापरा. सेल्युलोज नायट्रेट डीएमएसओत विरघळतो आणि नायलॉन पॉलिफेनॉल धरून ठेवतो. तुमचा सक्रिय पदार्थच फिल्टरवर अडकून राहील आणि तुम्हाला वाटेल अर्कात काही नाही.

ऑटोक्लेव्हबद्दल एक स्थानिक गोष्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. गेजवर १५ पौंड दिसले तरी आतलं तापमान १२१ अंशांच्या किंचित खाली राहतं. थर्मामीटर असेल तर तो बघून वेळ मोजा, नसेल तर दाब एक पौंड जास्त ठेवा.

जंतू मरतोय का, ते आधी

विषाच्या चाचणीत वापरायची मात्रा ठरवण्यासाठी एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, हवीच. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये म्यूलर हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचा द्रव) घ्या. अर्काचा स्टॉक ब्रॉथमध्ये ५० पट पातळ केला की २००० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होतो. पहिल्या विहिरीत हा २०० मायक्रोलिटर, पुढच्यांत १०० मायक्रोलिटर नुसतं ब्रॉथ, आणि १००-१०० मायक्रोलिटर पुढं सरकवत आठव्या विहिरीपर्यंत निम्मं करत जा. आठवीतून काढलेले १०० फेकून द्या. ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणावरून जंतूंची संख्या ठरवायचं माप) स्टॅफिलोकॉकसचं द्रावण १५० पट पातळ करा आणि प्रत्येक विहिरीत १०० मायक्रोलिटर घाला. आता वरची मात्रा १०००, जंतू मिलीला सुमारे पाच लाख, आणि डीएमएसओ जास्तीत जास्त १ टक्का. १ टक्का डीएमएसओचा कंट्रोल, जंतूविना ब्रॉथ आणि जंतूविना अर्क या तीन विहिरी विसरू नका. ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २० तास ठेवा.

वाढ कळायला रेझाझुरिन (जंतू वाढले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घालणार असाल तर जंतूविना अर्काची विहीर नीट बघा. फेनॉलयुक्त अर्क स्वतःच रेझाझुरिन निळ्याचं गुलाबी करतात. तसं झालं तर रंगावर विसंबू नका, विहिरीतून ५ मायक्रोलिटर प्लेटवर टाकून वाढ बघा. ओव्याचं तेल किंवा थायमॉल तपासताना प्लेट सील करा. वाफ शेजारच्या विहिरीत जाते आणि कंट्रोलमधले जंतूही मरतात.

आता एमआयसीच्या १/४, १/८ आणि १/१६ मात्रेत वाढीचा आलेख काढा. दर तासाला ६०० नॅनोमीटरवर ओडी (द्रव प्रकाश किती अडवतो तो आकडा), आठ-दहा तास. अर्क रंगीत असतो म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कॉलनी मोजा. ज्या मात्रेत वाढ कंट्रोलइतकीच आहे, तीच पुढं वापरायची. १/४ मात्रेत वाढ जराही मागं पडत असेल तर ती सोडून द्या. जंतू कमी म्हणून विष कमी, एवढाच त्याचा अर्थ होईल.

हिमोलिसिसची चाचणी

अल्फा हिमोलायसिनचे सात रेणू एकत्र येऊन तांबड्या पेशीच्या आवरणाला भोक पाडतात, पेशी फुटते, हिमोग्लोबिन बाहेर येतं. तो लाल रंग मोजायचा. सशाच्या पेशी या विषाला सगळ्यात संवेदनशील, माणसाच्या फार कमी. पण सशाच्या रक्ताला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गोठणार नाही असं केलेलं) रक्त तयार मिळतं, किंवा अधिकृत कत्तलखान्यातून ताजं रक्त तेवढ्याच अल्सेव्हर द्रावणात, बर्फाच्या डब्यातून आणता येतं. सुरुवात ज्या प्राण्याच्या रक्तानं केली त्याच्याच रक्तानं शेवट करा.

मेंढीच्या रक्तात एक खाच आहे. काही स्टॅफिलोकॉकस बीटा हिमोलायसिनही सोडतात. त्याचा परिणाम ३७ अंशांवर दिसत नाही, नळी थंड केली की पेशी फुटतात. म्हणून मेंढीच्या पेशी असतील तर चाचणीनंतरचं सेंट्रिफ्यूज थंड करू नका आणि नळ्या मोजायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवू नका.

पेशी पीबीएस या खारट बफरमध्ये तीन वेळा धुवा, १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट), १० मिनिटं. तुमच्या यंत्रावर आरपीएम असेल तर ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग करा. १० सेंटिमीटर त्रिज्येला ३००० आरपीएम म्हणजे साधारण १००० जी. तिसऱ्या धुण्यानंतरही वरचं पाणी गुलाबी असेल तर ते रक्त जुनं झालं, टाकून द्या. खाली बसलेल्या पेशींचं पीबीएसमध्ये २ टक्के द्रावण करा.

विषासाठी स्टॅफिलोकॉकस ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये ३७ अंशांवर शेकरवर वाढवा. जादा ग्लुकोज घालू नका. आम्लता वाढली की एजीआर यंत्रणा आपोआप मंदावते आणि ते यश तुम्ही अर्काच्या खात्यावर मांडाल. जंतूचा तुमचा वाण ब्लड अगरवर खरंच स्वच्छ गोल देतो का, हे आधी बघून घ्या. विष वाढीच्या उत्तरार्धात सुटतं, म्हणून सगळे फ्लास्क सारख्याच ओडीला काढा, पातळ करून मोजल्यावर साधारण २.५. सेंट्रिफ्यूज करून सुपरनॅटंट, म्हणजे जंतू खाली बसल्यावर वर उरलेला द्रव, ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस किंवा पीव्हीडीएफ फिल्टरमधून घ्या आणि बर्फावर ठेवा.

इथं बहुतेकांकडून एक पायरी राहते. सुपरनॅटंट तसंच वापरलं तर १०० टक्के पेशी फुटतात, आणि विष निम्मं झालं तरी आकडा १०० च राहतो. म्हणून आधी २, ४, ८, १६ पट पातळ करून बघा आणि ज्या पातळीला ७० ते ८० टक्के पेशी फुटतात ती पक्की करा. मग तीन मांडण्या लावा.

१. जंतू अर्कासोबत वाढवले, त्यांचं सुपरनॅटंट पेशींवर.
२. जंतू अर्काविना वाढवले, तयार सुपरनॅटंटमध्ये अर्क घालून ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवला, मग पेशी.
३. पेशी अर्कात ३० मिनिटं ठेवल्या, धुतल्या, मग सुपरनॅटंट.

प्रत्येक नळीत ५०० मायक्रोलिटर विष आणि ५०० मायक्रोलिटर पेशी, ३७ अंशांवर ३० मिनिटं. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाची ओडी ५४० नॅनोमीटरवर. शून्यासाठी पीबीएस, शंभरासाठी सगळ्या पेशी फोडणारं १ टक्का ट्रायटन एक्स-१००. नमुन्यातून पीबीएस वजा, भागिले ट्रायटन वजा पीबीएस, गुणिले १००. समजा पीबीएस ०.०५, ट्रायटन ०.९०, अर्काविना ०.६२, अर्कासह ०.२८. हिमोलिसिस ६७ वरून २७ टक्क्यांवर आलं, म्हणजे घट सुमारे ६० टक्के.

पहिल्या मांडणीत घट आणि दुसऱ्या-तिसऱ्यात नाही, तर विष बनणं थांबलं. दुसऱ्यातही घट असेल तर अर्क तयार विषाला धरतो, आणि मग पहिल्या मांडणीतली घट सुपरनॅटंटमध्ये उरलेल्या अर्कामुळंही असू शकते. ते तपासायला कंट्रोलच्या सुपरनॅटंटमध्ये अखेरीला तेवढाच अर्क घालून बघा. तिसऱ्यात घट असेल तर पेशीवर काहीतरी बसलं आहे, आणि इथून खरी काळजी सुरू होते.

टॅनिनचा फसवा निकाल

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून ते कुजत नाही. तेच टॅनिन तुमच्या नळीतल्या विषाला धरतं, कारण विषही प्रथिनच. पण ते हिमोग्लोबिनलाही धरतं आणि तांबड्या पेशीचं आवरणही कमावतं. पेशी फुटायचीच बंद झाली किंवा बाहेर आलेलं हिमोग्लोबिन साक्यासारखं खाली बसलं, तर ओडी कमी येते आणि निकाल झकास दिसतो. हिरडा, डाळिंबाची साल, जांभळाचं बी, पेरूचं पान, बाभळीची साल यांच्या बाबतीत पुढचे कंट्रोल नसतील तर त्या निकालावर आम्ही विश्वास ठेवणार नाही.

एक: अर्कात ठेवलेल्या पेशींवर थेट ट्रायटन घाला. साध्या पेशींइतकंच हिमोग्लोबिन बाहेर यायला हवं. आलं नाही तर पेशी कमावल्या गेल्या आहेत. दोन: आधीच फोडलेल्या पेशींच्या लाल द्रवात अर्क घाला, ३० मिनिटांनी सेंट्रिफ्यूज करा. ओडी उतरली तर हिमोग्लोबिन खाली बसतंय. तीन: दुसरी मांडणी मिलीला १ मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालून पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर अर्क मिळेल त्या प्रथिनाला धरत होता, विषाशी त्याचं खास नातं नाही. रक्तात तर अल्ब्युमिन यापेक्षा कितीतरी जास्त असतं. चार: अर्काचा एक भाग पीव्हीपीपी पूड घालून हलवा, सेंट्रिफ्यूज करा, टॅनिन पुडीबरोबर खाली जाईल. वरच्या द्रवानं सगळ्या चाचण्या पुन्हा. टॅनिन काढूनही विष कमी बनत असेल तर आनंद माना. तुमच्या हाती खरंच पुढं नेण्यासारखं काही लागलं आहे.

उलटी फसगत सॅपोनिनची. शिकेकाई, रिठा यांचे अर्क विषाविनाच पेशी फोडतात. अर्क आणि पेशी एवढंच असलेली नळी प्रत्येक मात्रेला लावा.

जांभळ्या रंगाची चाचणी

क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम हा जंतू आपसातल्या संदेशावर जांभळं व्हायोलासिन बनवतो. ते बंद पडलं तर संदेश अडला. एलबी ब्रॉथ, ३० अंश, २४ तास, शेकर. १ मिलि वाढ सेंट्रिफ्यूज करून गोळ्यातला रंग १ मिलि डीएमएसओत काढा, पुन्हा फिरवा, ५८५ नॅनोमीटरवर वाचा. जोडीला व्हॅनिलिनचा पॉझिटिव्ह कंट्रोल आणि कॉलनी मोजणी. प्लेटवर करत असाल तर रंगहीन पण गढूळ गोल हवा, काचेसारखा स्वच्छ गोल म्हणजे जंतू मेले. फ्लास्क गच्च भरला की हवा कमी पडून रंग आपोआप उतरतो, म्हणून २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच घ्या.

व्हायोलासिनची चाचणी एएचएल या छोट्या रेणूंचे संदेश तपासते. स्टॅफिलोकॉकसचा संदेश पेप्टाइडचा आहे. त्यामुळं जांभळा रंग गेला म्हणून स्टॅफिलोकॉकसचं विष थांबेल, असं लिहिता येत नाही. स्वस्तात प्राथमिक चाळणी म्हणून ही चाचणी ठीक, त्यापलीकडे नाही. आणि कॉलऱ्याचा जंतू किंवा त्याचं शुद्ध विष कॉलेजात मागवण्याच्या फंदात पडू नका. ते काम तशी सोय आणि मंजुरी असलेल्या संस्थेचं.

लिहिताना आणि आवरताना

वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या तीन वाढी, प्रत्येकीच्या तीन नळ्या. एकाच फ्लास्कमधून भरलेल्या नऊ नळ्या म्हणजे नऊ प्रयोग नव्हेत. अहवालात 'विषविरोधी' हा शब्द वापरायच्या आधी मात्रा, त्या मात्रेतली कॉलनी मोजणी, तिन्ही मांडण्यांचे आकडे आणि टॅनिनचे चारही कंट्रोल एका तक्त्यात शेजारी शेजारी द्या. 'या अर्काच्या ६२.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि मात्रेत वाढ तेवढीच राहून सुपरनॅटंटची हिमोलिसिस क्षमता इतके टक्के घटली' असं वाक्य लिहिलं की वाचणाऱ्याला सगळं कळतं. 'अमुक वनस्पती संसर्ग बरा करते' हे वाक्य या प्रयोगांतून निघत नाही. जखम चिघळलेल्या माणसानं अँटिबायोटिक थांबवून हिरड्याचा लेप लावावा, असा सल्ला तर अजिबात निघत नाही.

वापरलेले ब्रॉथ, प्लेट आणि रक्त १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. टिप आणि पिपेट १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. हे द्रावण रोज ताजं करा, कारण उघड्यावर क्लोरीन उडून जातो. हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नका, क्लोरीनची वाफ होते. मग सगळं जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रंगाच्या पिशव्यांत वेगवेगळं करून कॉलेजच्या ठरलेल्या संकलकाकडे द्या.